दाजींचं बिघडलेलं इंजिन

आमचं नोनोउती बेट इतकं अरुंद, की बेटानं कवेत घेतलेल्या आतल्या पाण्याकाठी कुणी खोकलं तर बाहेरच्या समुद्राकाठी झोपलेला माणूस कूस बदलतो. अशा जागी लपवालपवी करायला फार मोठी अक्कल लागते, किंवा अजिबात नसावी लागते. आमचे दाजी इओतेब्वा, म्हणजे माझ्या रोतियाताईचे यजमान, यांनी ती करून पाहिली.

दाजींचे वडील बानाबा बेटावर फॉस्फेट खणायला जात. इंग्रजांनी त्या बेटाची हाडं तेवढी शिल्लक ठेवली, आणि वडील परतले ते एक शिवणयंत्र घेऊन. ते यंत्र आधी आत्याकडे गेलं, तिथून आत्याच्या जावेकडे, आणि मग ते कुणाकडे आहे हे विचारायचीही सोय राहिली नाही. कारण आमच्यात बुबुती असते. नातलगानं बुबुती म्हणून काही मागितलं की द्यायचं. नाही म्हणणाऱ्याला कुणी मारत नाही, पण गावाच्या मोठ्या छपराखाली, मानेआबात, आपल्या घराण्याच्या खांबापाशी तो मान वर करून बसू शकत नाही. आणि बेटावर नातलग नाही असा माणूस शोधायचा तर पाद्रीच गाठावा लागतो.

दाजी त्या शिवणयंत्राच्या आठवणीवरच वाढले. आमच्याकडे पैसा दोन वाटांनी येतो: सुकं खोबरं नेणारी बोट, नाहीतर परदेशी मालवाहू जहाजांवर गेलेली पोरं. दाजी दुसऱ्या वाटेनं गेले. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या जहाजाचं तेल पुसून परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर होडीला लावायचं नवंकोरं इंजिन होतं.

पहिल्या महिन्यात ते इंजिन दाजींपेक्षा जास्त फिरलं. चुलतभावानं मासेमारीला मागितलं, आतेभावानं लग्नाची माणसं आणायला. एकदा तर कुणी नुसतं "आवाज ऐकायचाय" म्हणून नेलं. मग एका दुपारी दाजींनी त्याचा कार्बोरेटर काढला, फडक्यात गुंडाळला, ताईच्या पिठाच्या डब्यात खुपसला आणि गावभर सांगितलं, "बिघडलं हो. त्याचा भाग इथं मिळायचा नाही."

भाकरी करायला बसलेल्या ताईच्या हाताला तो लागला.

"हे काय दळायचंय का?" तिनं विचारलं.

"हळू बोल. गाव थंड झालं की बसवतो परत."

"एवढे देश बघून शिकलात काय, तर आपल्याच घरात चोरी."

"चोरी कसली? माझंच आहे."

"म्हणूनच तर लाज वाटते," ताई म्हणाली, आणि डबा त्यांच्याकडे सरकवला.

पंधरवड्यात दाजींचे सख्खे काका तेबुआई आले. म्हाताऱ्यानं आधी ताडी मागितली, मग हवेबद्दल बोलला, मग इंजिनाभोवती एक चक्कर मारली.

"पोरा, हे मेलंय म्हणतात."

"हो, काका."

"पुरतं?"

"पुरतं."

"मग मला दे. बुबुती करतो. होडीच्या नांगराला होईल. आपल्या बेटावर दगड म्हणजे पोवळं, होडीला काय धरणार? हे लोखंड चांगलं वजनदार आहे."

मी तिथंच चटईवर होतो. चालू इंजिन असतं तर दाजींना निदान चार दिवसांसाठी म्हणता आलं असतं. मेलेल्याला काय म्हणणार?

"न्या की," दाजी म्हणाले.

"मला कुठं उचलतंय? तूच आणून दे."

दाजींनी ते खांद्यावर घेऊन काकांच्या होडीपर्यंत नेलं. काकांनी त्याला काथ्याची दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि आतल्या पाण्यात सोडून दिलं. बुडबुडे येत होते तोवर दाजी बघत राहिले.

इथवरचं मी हसत सांगू शकतो. पुढचं सांगताना हसू येत नाही. पुढच्या सभेत काका मानेआबात उठले आणि म्हणाले, "जहाजावरून आलेली पोरं मूठ आवळतात म्हणतात. माझ्या पुतण्यानं जन्माची कमाई माझ्या होडीला बांधली, तोंडातून ब्र काढला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी दाजींच्या गळ्यात फुलं घातली, डोक्यावर सुगंधी तेल चोळलं. दाजींची मान खाली ती खालीच. लोकांना वाटलं, केवढा हा विनय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी ते फडकं घेऊन काकांकडे गेले. मला सोबत नेलं, बहुधा वाटेतून आपणच पळून येऊ नये म्हणून.

"काका, हे त्याचंच आहे. मीच काढलं होतं. ते बिघडलं नव्हतं."

म्हाताऱ्यानं कार्बोरेटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. चिकटलेलं पीठ नखानं काढलं.

"म्हणजे माझ्या मागण्याला तू एवढा भ्यालास?"

"तुमच्या एकट्याच्या नाही, काका. सगळ्यांच्याच."

"बरं झालं, मी एकटा नाही," काका म्हणाले. मग त्यांनी तो परत फडक्यात गुंडाळला. "चारचौघांत तुझं कौतुक केलं रे मी. आता तिथं मी कसा बसू?"

काकांनी कुणाला सांगितलं नाही. ताईनं नाही, मीही नाही. पण बेट अरुंद आहे. हळूहळू दाजींकडे कुणी काही मागेनासं झालं. जाळं नाही, सुरी नाही, चिमूटभर मीठसुद्धा नाही. भाऊबंद समोरून येत, हसत, हवेबद्दल बोलत आणि शेजारच्या घरात मागायला शिरत. दाजी पकडलेले मासे दारात उघडे ठेवून बसू लागले. जो जाई तो म्हणे, "छान आहेत," आणि पुढं जाई.

"आता झालं ना मनासारखं?" ताई एकदा म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच वाईट वाटलं.

शेवटी दाजीच मागायला गेले.

"काका, बुबुती करतो. मला तुमच्या होडीत घ्या."

"ये," काका म्हणाले. "मला कुठं नाही म्हणता येतं."

तेव्हापासून दाजी पहाटे त्यांच्याबरोबर जातात. वल्हवतात, होडीतलं पाणी उपसतात, नांगर टाकतात आणि ओढतात. काका गळाकडे बघत बसतात. मीही कधी कधी जातो. परवा उन्हं वर आली, मासा लागेना, आणि काकांनी विडी वळायला केवड्याच्या पानाचा तुकडा काढून दाजींकडे हात पुढं केला.

"तंबाखू आहे का रे?"

किती महिन्यांनी कुणीतरी त्यांच्याकडे काही मागत होतं. दाजींनी कमरेला हात घातला, आणि तो तिथंच थांबला. पुडी घरी राहिली होती.

"नाही, काका."

काकांनी हात मागं घेतला. दाजी उठले. होडी हलली तरी ते खाली बसेनात. त्यांनी कमरेचं फडकं सोडून झटकलं, गळाचा डबा उपडा केला, टोपी उलटी करून दाखवली.

"खरंच नाही, काका. बघा ना."

"मी कुठं काय म्हणालो," म्हातारा म्हणाला आणि पाण्याकडे बघू लागला.