पायाची मालकीण

"पाय दाव. तोंड मागनं बघते."

पहिल्या भेटीत मावशी मला हे म्हणाल्या. मी तेव्हा एसटीत कंडक्टर म्हणून नवीन लागले होते. नगरच्या स्टँडवरून गाडी निघाली, मी तिकिटं देत मागं आले, आणि खिडकीशी लाकडी पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या एका ठेंगण्या, साठीच्या बाईंना विचारलं, "कुठं जायचं?" उत्तर द्यायच्या आधी त्यांनी माझ्या काळ्या बुटांवर नजर रोखली.

"जोडवी घालत न्हाईस?"

"बुटात टोचतात."

"मग पायजेत का नकोत?"

"सासूबाई म्हणतात की..."

"सासूला न्हाई इचारलं. पाय तुझा हाय."

मी गडबडून "पाहिजेत" म्हणाले. पुढच्या फेरीला त्यांनी पुठ्ठ्यासारखी चपटी जोडवी आणून दिली. दिवसभर बूट घालून उभी राहिले तरी ती बोटात आहेत याची आठवणसुद्धा होत नसे.

नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडं कधी आठवडे बाजाराला गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. खाली सतरंजी, पुढ्यात वीतभर उंचीची ऐरण, हातोडी, कानस, आणि भोवती पाय पुढं करून बसलेल्या बाया. जोडवी, वाळे, पोरांचे कडदोरे, सगळं चांदीचं आणि सगळं त्यांच्या हातचं. केडगावला त्यांची एक खोली होती. तिच्या अर्ध्यात संसार आणि अर्ध्यात काम. संसार म्हणजे एकटीचाच.

वडील चांदीकाम करायचे. मुलानं शिकावं म्हणून त्यांनी त्याला समोर बसवलं, आणि शिकली बाजूला बसलेली मुलगी. भावानं पुढं शहरात काचा लावलेलं सराफी दुकान काढलं, यंत्रावरचा तयार माल ठेवला आणि बहिणीला म्हणाला, तू काउंटरवर बस. मावशी म्हणाल्या, "मी दागिना करते. इकायला तुझी बायको हाय." लग्नाचं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बघायला आलेल्यांनी इचारलं, काम सोडशील का. मी इचारलं, तुमी सोडाल का. ते चहा पिऊन गेले."

स्वतःच्या पायात मात्र ठसठशीत जोडवी होती. लग्न न करता जोडवी कशी, असं कुणी बोललंच तर म्हणायच्या, "मी केली, मी घातली."

माझी ड्युटी कधी श्रीरामपूरला लागायची, कधी डोंगराकडच्या अकोले गावाला. मावशी दोन्हीकडच्या बाजाराला असायच्या. गाव बाजारावरून मोठं ठरत नाही, बसायच्या जागेवरून ठरतं, असा त्यांचा हिशेब होता. श्रीरामपुरात रेल्वे स्टेशनबाहेरची एक टपरी त्यांची. तिथल्या बाकड्यावर चहा घेत त्या रेल्वेची वाट बघायच्या. कुठं जायचं नसायचं. "बाकीचे जातात ते बघते," म्हणायच्या. नाताळ जवळ आला की तिथल्या ख्रिस्ती बाया त्याच बाकड्यावर गाठायच्या आणि लेकीसाठी बारका क्रूस सांगायच्या. एकदा कुणीतरी टोकलं, "मावशी, तुमी क्रूस पण करता?" मावशींनी पेटीतून धम्मचक्राचं पदकही काढून दाखवलं. "ह्ये पण करते. तुला काय पायजे ते बोल."

भंडारदऱ्याला तर त्या धरणाकडं पाठ करून बसायच्या. अख्खा महाराष्ट्र पाणी बघायला येतो, आणि यांचं तोंड एका झोपडीवजा हॉटेलाकडं. तिथली म्हातारी तांदळाची भाकरी थापायची. मी म्हटलं, "मावशी, मागं बघा तरी." तर म्हणाल्या, "पाणी दरसाल येतं. ही म्हातारी आन् ही भाकरी किती दिस ऱ्हाईल?"

आता ज्या दिवसासाठी हे लिहितेय तो दिवस सांगते.

अकोल्याहून वर राजूरकडं जाताना आमची गाडी एका गावाच्या थांब्यावर बंद पडली. गावाचं नाव सांगत नाही. ड्रायव्हर म्हणाला, डेपोतून मेकॅनिक यायला तास-दीड तास जाईल. प्रवासी उतरून झाडाखाली पांगले, त्यांत मावशीही. तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ मावशींकडं आले. गाव त्यांना अण्णा म्हणत होतं. त्यांच्या भावकीतल्या एका तरुणाचा त्या दिवशी दहावा होता.

"बाई, बरं झालं तुमी गावल्या. जोडवी कापायचीत. सुनंच्या बोटातनं निघंना झालीत."

मावशी उठल्या. "चल गं कंडक्टरीणबाई, पेटी धर."

पडवीत तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. कपाळ पुसलेलं, हात मोकळे. मांडीवर दीड-दोन वर्षांची पोर झोपलेली. तिच्या पायाची बोटं टरारून सुजली होती. तेल लावून झालं होतं, दोरा घालून झाला होता, कुणीतरी पक्कडही लावली होती. एका बोटातून रक्त येत होतं. अंगणात भावकीतली दहा-बारा माणसं बसलेली.

मावशी जमिनीवर बसल्या आणि तिचा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. जोडव्यावरचं रक्त पदरानं पुसलं.

"ही माझ्या हातचीच हायेत. तुझ्या लग्नातली."

मुलीनं मान हलवली.

"काढायचीत तुला?"

अण्णा पुढं झाले. "ओ बाई, तिला काय इचारता? रीत हाय ती."

"रीतीच्या पायात न्हाईत, हिच्या पायात हायेत."

"तुमी कापायला आलाय, कापा."

"पायाची मालकीण सांगंल ते करीन." मावशी पुन्हा मुलीकडं वळल्या. "पोरी, काढायची म्हण, काढते. ठेवायची म्हण, ठेवते. माझं काय न्हाई. पण तू बोल."

माझ्या हातातली पेटी मला एकदम जड वाटायला लागली. मुलगी कितीतरी वेळ आपल्या पायाकडं बघत होती. मग पुटपुटली, "दुखतंय लई. पण नका काढू."

"ह्यांनी ऐकलं न्हाई."

"नका काढू!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मांडीवरची पोर दचकून उठली.

मावशींनी पेटीतून कातर काढली आणि कट्कन एक जोडवं कापलं. मग दुसरं. मुलीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की मला तिथं उभं राहवेना. मला वाटलं, मावशी भ्यायल्या. अण्णा समाधानानं "झालं" म्हणाले आणि उठायला लागले.

पण मावशी उठल्या नाहीत. त्यांनी ऐरण पायरीवर ठेवली आणि कापलेल्या टोकांवर कानस चालवायला सुरुवात केली. मग हातोडीनं हलकं ठोकत दोन्ही जोडव्यांची तोंडं उघडी ठेवून ती मोकळी, ऐसपैस केली. टोकं गोल केली, पाण्यात बुडवली, पुसली. शेवटी मुलीचा पाय पुन्हा मांडीवर घेऊन त्यांनी जखम टाळून ती अलगद बोटात सरकवली.

"सूज उतरली की दाबून घे. आता टोचायची न्हाईत."

आणि मग अण्णांना म्हणाल्या, "तुमी कापायला सांगितलं, कापली. तिनं ठेवायला सांगितलं, ठेवली."

पुढची पाच मिनिटं कोण काय बोलत होतं ते मला नीट सांगता येणार नाही. सगळेच उभे राहिले होते. कुणीतरी माझ्या खाकी शर्टाकडं बोट दाखवून ओरडलं, "कंडक्टर, तुमची तक्रार करू!" माझ्याऐवजी मावशीच म्हणाल्या, "करा. पेटी उचलली, येवढंच लिव्हा."

एक गोष्ट मात्र स्पष्ट आठवते. मुलीची सासू इतका वेळ दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी होती. ती बाहेर आली, रडणारी नात तिनं उचलली आणि सुनेला लागून भिंतीशी बसली. अण्णांनी दोनदा हाक मारूनही ती तिथून हलली नाही.

याची किंमत मावशींनी मोजली. ही बाई अपशकुनी आहे, हिच्या हातचं लग्नात घेऊ नका, असं डोंगरातल्या गावागावांत पसरलं. अकोल्याच्या बाजारात भिंतीकडंची त्यांची नेहमीची जागा होती. बाया तिथून जाताना पावलं उचलायच्या, काही तर वळसा घालून जायच्या. आठवड्यामागून आठवडे मावशी सतरंजी अंथरायच्या आणि संध्याकाळी तशीच गुंडाळायच्या.

मी म्हटलं, "मावशी, थोडे दिवस दुसरीकडं बसा. संगमनेरला बसा, राहुरीला बसा."

"जागा सोडली की माझं चुकलं असं हुईल. तू भेळ खा."

मध्येच अण्णांकडून एक माणूस निरोप घेऊन आला. बाजारात चारचौघांत 'चुकलं' म्हणा, विषय संपला. मी तिथंच होते. मावशींनी कानस खाली ठेवली. "बाबा, माझ्या हातनं एक चरा पडला तरी मी गिऱ्हाइकाला आधी सांगते. चुकलं असतं तर त्याच दिशी म्हनले असते. जा, सांग."

त्या दिवशी परतीच्या गाडीत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. राहुरी गेल्यावर त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "बघ, थरथरतात. काम नसलं की असं हुतं. मला वाटायचं म्हातारी झाल्यावर थरथरतील." मी ते हात धरून बसले. पुढच्या थांब्यावर कुणीतरी तिकीट मागितलं म्हणून सोडावे लागले.

पुढच्या बाजाराला त्या पुन्हा तिथंच बसल्या. त्याच्या पुढच्याला पण.

मग एक दिवस डोंगरातली एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. इकडं तिकडं बघत तिनं कमरेची पुरचुंडी सोडली. आत काळी पडलेली जोडवी होती. "मालक जाऊन लई वर्सं झाली. तांदळाच्या कणगीत लपवली हुती. बसत्यात का बघता?" मावशींनी ती उजळली, सैल केली आणि म्हातारीच्या भेगाळल्या पायात घातली. म्हातारीनं लुगड्याचा काठ पायावर ओढून घेतला आणि गर्दीत शिरली. दहा पावलांवर गेल्यावर तिनं काठ पुन्हा वर खोचला. ते आम्ही दोघींनी बघितलं.

नंतर अशा बाया येत राहिल्या. झुंडीनं नाही, कधी एक, कधी दोन. काहींना जोडवी हवी असायची, काहींना नुसतं बसून बोलायचं असायचं. त्या गावातलं लग्नाचं काम मात्र मावशींना पुन्हा कधीच मिळालं नाही. त्यांनी ते मागितलंही नाही.

भाताची लावणी चालू होती त्या दिवसांत ती मुलगी बाजारात आली. पोटऱ्यांवर वाळलेला चिखल, काखेत पोर. तिनं मूठ उघडली. तीच जोडवी.

"लावणीत चिखल अडकून टोचत्यात, मावशी. काढून टाकली. ह्याचे पोरीला वाळे करा."

ज्या जोडव्यांपायी एवढं झालं, ती हिनं आपणहून काढली! मावशींना काय वाटेल म्हणून मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

"काढायला कुणी सांगितलं?" मावशींनी विचारलं.

"कुणी न्हाई. मीच काढली."

मावशी एवढ्या खदखदून हसल्या की शेजारचा मिरचीवाला वळून बघायला लागला. "मग झालं तर! बस इथं. डोळ्यांदेखत करून देते." त्या दुपारी त्यांनी दुसरं काही हातात घेतलं नाही. पोरीच्या पायात वाळे घातले तेव्हा त्यांचे हात अगदी स्थिर होते.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. सकाळी शेजारणीनं चहाला हाक मारली तर ओ आली नाही. मला फोन आला तेव्हा मी श्रीरामपूरच्या स्टँडवर होते. मी टपरीवाल्याला सांगितलं, अकोल्याला दोन फोन केले, रजा टाकली आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. पुण्याहून भाचा यायचा होता म्हणून दुपारपर्यंत थांबले होते. तोवर बाया येत गेल्या. श्रीरामपूरच्या तिघी, राहुरीच्या दोघी, आणि निरोप मिळताच डोंगरातून गाडी धरून आलेल्या सहा जणी. त्यात ती मुलगीही होती. भावाच्या घरातली माणसं आमच्याकडं बघत होती, ह्या कोण म्हणून.

तिरडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बायांनी आता माघारी फिरा." रिवाजच आहे तसा. मला वाटतं, पुढं जायचं असं कुणी आधी ठरवलं नव्हतं. पण एकीनंही पाऊल मागं घेतलं नाही. आम्ही बारा जणी तशाच चालत राहिलो. पुणे रोडवर आलो तेव्हा दोन्ही बाजूंचे ट्रक थांबले होते. एका ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

रस्ता ओलांडल्यावर खांदेकऱ्यांनी दम घ्यायला पावलं आवरली. ती मुलगी पुढं झाली, भाच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सरका. आता आमी धरतो."

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आम्हा सगळ्यांकडं, आणि तो सरकला.

दुसरा दांडा मी खांद्यावर घेतला. मावशी इतक्या हलक्या असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.