समुद्रकाठचं यंत्र, डोंगरावरची बाळं

आमच्या सिंगापुरातल्या वन-नॉर्थच्या ऑफिसातले ते गृहस्थ खोकले, तर तिकडे मैलोगणती दूर चोआ चू कांगला खिडक्या वाजत. नवजात बाळाच्या पावलाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र आम्ही बनवायचो, आणि ते तपासायचं काम त्यांचं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतसुद्धा, भातवाल्या अंकलचं बोट त्यात अडकवून आकडा बघितल्याशिवाय ते ताट उचलत नसत. इंग्रजीतही त्यांचं प्रत्येक वाक्य "म्हणजे कसं बघा"नेच सुरू होई.

एकदा लडाखच्या इस्पितळातून तक्रार आली. तिथल्या विरळ हवेत रक्तातला ऑक्सिजन जरा कमीच भरतो. त्यामुळे धडधाकट, पोटभर दूध पिणाऱ्या बाळांच्या नावानेही आमचं यंत्र दिवसभर बोंब मारत होतं. वैतागून नर्सनी त्याचा आवाजच बंद करून टाकला होता.

मॅनेजर आपल्या सिंगापुरी हेलात म्हणाला, "धोक्याची मर्यादा सगळीकडे एकच. पास म्हणून सही करून टाक, लाह."

"म्हणजे कसं बघा," गृहस्थ चक्क हळू आवाजात म्हणाले, "उद्या खरंच एखादं बाळ निळं पडलं, तर ते कोणाला कळणार? समुद्रकाठी बसून डोंगरावरच्या बाळांना आजारी ठरवायला लाज नाही वाटत?"

पुढच्याच महिन्यात त्यांचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, संपत होता, आणि तो वाढवणं याच मॅनेजरच्या हातात होतं. आम्ही बाकीचे मराठी वाघ टेबलाखाली आपापले बूट न्याहाळत होतो.

त्यांनी कागद ओढला, यंत्राच्या नावापुढे ठळक 'नापास' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"सही हवी होती ना," ते म्हणाले, "घ्या."