करंगळीला टोचलेला काटा

मातामायकडे मी जीव तोडून मागितली ती एकच गोष्ट. मुलगा मागितला नाही, पक्कं घर मागितलं नाही. लग्न होऊन या गावात आले आणि पहिल्याच वर्षी म्हणाले, माय, हे काटे मला टोचू देऊ नको. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण ज्यानं शिंगाडे तोडले आहेत तो हसणार नाही. आम्ही ढिवर. गावच्या तलावात आमचे मासेही आणि शिंगाडेही. दिवाळीच्या मागेपुढे छातीभर गार पाण्यात उतरायचं, वर पसरलेल्या पानांखाली हात घालायचा आणि जे दिसत नाही ते फळ चाचपून तोडायचं. एकेका शिंगाड्याला दोन-दोन टोकदार काटे. माझं माहेर पवनीचं, नदीकाठचं. जाळं टाकायला मला येत होतं, शिंगाडा येत नव्हता. त्या वर्षी हात असे सुजले की घास उचलवेना. सासू म्हणाली, "रडू नको व बाई, सवय होते." सवय काही होईना. मग तलावाच्या पाळीवर मातामायचं लहानसं देऊळ आहे, तिथं ओल्या लुगड्यानं उभी राहून मी ते मागणं मागितलं.

आणि सात-आठ वर्षांनी मायनं ऐकलं! म्हणजे मला तसं वाटलं. एका हंगामात माझ्या ध्यानात आलं की उजवा हात पाण्यातून वर येतो तेव्हा त्यातून रक्त निघालेलं असतं, पण मला काही कळलेलंच नसतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तर कशालाच दाद देत नव्हतं. मी भराभर तोडू लागले. माझी टोपली सगळ्यांच्या आधी भरायची. बाया म्हणायच्या, "बाप्पा! इच्या हातात तं देवी बसली." मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू! मी नारळ फोडला, खण वाहिला. डाव्या हाताला काटे टोचतच होते. कृपा एकट्या उजव्याच हातावर का, हे काही मी मायला विचारलं नाही. त्याच हाताच्या कोपराखाली एक फिकट चट्टा होता, त्याला सासू लिंबू चोळायची आणि उन्हाचा आहे म्हणायची. मीही तेच म्हणायचे.

तोडलेले शिंगाडे उकडून मी शहापूरला हायवेच्या कडेला विकायला बसायचे. चुलीवर मोठा गंज, त्यात खळखळतं पाणी. बाकीच्या बाया झाऱ्यानं शिंगाडे काढायच्या, मी सरळ हात घालायचे. गिऱ्हाईक थांबून बघायचं, चार लोक जास्त जमायचे आणि माझा माल आधी संपायचा. बोटांना फोड यायचे, ते पाण्यात काम करून येतात असं मी घरी सांगायचे. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

एक दिवस दुपारी भंडाऱ्याकडून एक जीप आली आणि समोर थांबली. आतून फिक्या रंगाच्या साडीतल्या, गळ्यात क्रूस घातलेल्या एक म्हाताऱ्या सिस्टर उतरल्या. जीपमध्ये मागे एक तरुण सिस्टर आणि ट्रंका, वळकट्या. नागपूर स्टेशनला निघाल्या होत्या. शिंगाडे त्या नेहमी लिंबाखालच्या म्हातारीकडून घ्यायच्या, हे मला नंतर कळलं. ती म्हातारी त्या दिवशी नातीच्या साखरपुड्याला गेली होती, म्हणून त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मी नेहमीच्या ऐटीत गंजात हात घातला आणि मूठभर शिंगाडे काढून त्यांच्यापुढे धरले.

त्यांनी शिंगाड्यांकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "हात दाखव."

"काहून?"

"दाखव म्हणते ना. चटका नाई लागला तुले?"

त्या मूळच्या केरळच्या, पण चाळीस वर्षं इथं राहून आमची बोली अशी बोलायच्या की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं गावातलीच कोणी मावशी आहे. मी हसून म्हटलं, "माझ्या हाताले काही होत नाई, बाई. मातामायची कृपा हाये."

त्या हसल्या नाहीत. माझी करंगळी त्यांनी दोन बोटांत धरली आणि विचारलं, "किती दिसाची कृपा हाये ही?"

मग हायवेच्या कडेलाच, गाड्यांच्या धुळीत, त्यांनी मला डोळे मिटायला लावले. पेनचं टोक हाताला लावत गेल्या. जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेव, म्हणाल्या. मी दोनदा बोट ठेवलं, मग वाट बघत राहिले. डोळे उघडले तर त्यांचं पेन माझ्या करंगळीवर होतं आणि चांगलं दाबलेलं होतं. कोपरामागची एक शीर त्यांनी चाचपली, तेव्हा मात्र झिणझिण्या खांद्यापर्यंत गेल्या. तरुण सिस्टर जीपमधून ओरडल्या की गाडी सुटेल. या म्हणाल्या, "सुटू दे." आणि माझ्याकडे वळून हळूच बोलल्या, बाजूच्या बायांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "हा कुष्ठरोग हाये, पोरी. बरा होते. पन आज माझ्यासंगं चाल."

जमीन हलली म्हणतात तसं काही झालं नाही. मी आधी चुलीतली लाकडं ओढली, गंज उतरवला, मग रडले आणि त्यांच्या जीपमध्ये बसले.

घरी काय होईल याचीच मला धास्ती होती. आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, ऐकून म्हणाले, "गोळ्या कुठं भेटतात?" एवढंच. ते माणूस तसंच आहे, कमी बोलणारं. सासूनं मात्र माझं ताट वेगळं केलं. "गावात सांगू नको व बाई, आपला एक शिंगाडा खपनार नाई," म्हणाली. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. महिन्या-महिन्याचं पाकीट आणि शिरेची सूज उतरावी म्हणून आणखी वेगळ्या गोळ्या. डॉक्टरांनी सांगितलं की औषध सुरू झालं की हा रोग दुसऱ्याला लागत नाही, पण हाताची जाणीव परत येईल की नाही ते आता सांगता येत नाही. करंगळी आत वळायला लागली होती. हात जाईल, की राहील? मी उठता-बसता तोच विचार करायचे. हातावर पोट असलेल्या बाईनं दुसरा कसला विचार करायचा?

आणि मायचा असा राग आला होता मला! ज्याच्यासाठी नारळ फोडले तो रोग होता? पाळीवरून जाताना मी देवळाकडून तोंड फिरवून जायचे. सिस्टरबाईंना हे कळलं तेव्हा त्या माझ्यावर चांगल्याच चिडल्या. "रोग तुले मातामायनं नाई देला, जंतूनं देला. आनि गाडी कोनं थांबवली ते तुहं तू ठरव. पन तिच्यावर रुसून बसशीन तं माझ्याकडे येऊ नको." क्रूस घातलेली बाई मला माझ्या देवीकडे परत पाठवत होती. मी गेले. काही मागितलं नाही, नुसती बसून आले.

त्या आमच्या घरीही आल्या. ओसरीत बसल्या आणि सासूसमोर मला म्हणाल्या, "सोलून दे." मी सोलत गेले, त्या माझ्या त्याच हातातून घेऊन खात गेल्या. एक किडका निघाला तर केवढ्या ओरडल्या माझ्यावर! सासू बघत होती. संध्याकाळी तिनं माझं ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत ठेवलं.

शहापूरला जीप थांबली त्या दिवशी सिस्टरबाई कायमच्या केरळला चालल्या होत्या हे मला तेव्हा कुठं कळलं. ऐन उमेदीत आल्या आणि भंडाऱ्याजवळच्या त्यांच्या आश्रमात कुष्ठरोग्यांच्या जखमा धूत राहिल्या. ज्यांना घरच्यांनी गोठ्यातही ठेवलं नाही त्यांच्या पायांना त्यांनी तेल लावलं, त्यांच्यासाठी मऊ चपला शिवून घेतल्या. आता औषधं आली, रोगी घरूनच बरे होऊ लागले, आश्रमातल्या खाटा रिकाम्या झाल्या. वरून निरोप आला की आता या, आराम करा. "त्या दिवशी सकाळीच मी येशूले म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "माझं काम संपलं असन तं संपलं म्हन, मी जाते. आनि दुपारी तू खळखळत्या पान्यात हात घातला." तुझा डोस पूर्ण होईपर्यंत राहते, असं त्यांनी वर कळवलं आणि ट्रंका पुन्हा उघडल्या.

दर महिन्याला मी आश्रमाच्या व्हरांड्यात जायचे. हात पाण्यात भिजवायचा, कडक झालेली कातडी घासून काढायची, खोबरेल चोळायचं, करंगळी मांडीवर दाबून सरळ करायची. मग डोळे मिटायचे आणि पेनचं टोक. तीन महिने झाले, पाच झाले, करंगळी मुकीच. दर वेळी सिस्टरबाई "बरं, पुढच्या खेपेला," म्हणायच्या आणि चष्मा पुसायच्या. मला त्यांचं ते चष्मा पुसणं बघवेना. ज्या बाईनं माझ्यासाठी आपली गाडी सोडली, तिला काय देत होते मी? म्हणून सातव्या महिन्यात मी लबाडी केली. पापण्या किलकिल्या ठेवल्या आणि पेन करंगळीकडे आलेलं दिसताच बरोबर बोट ठेवलं. किती आनंद झाला त्यांना! तरुण सिस्टरला हाक मारली, चहा सांगितला. मग म्हणाल्या, आणखी एकदा. या वेळी त्यांनी माझ्या डोळ्यांवर आपला तळहात ठेवला. मला वाटलं आता लागलं असेल, म्हणून मी बोट ठेवलं. त्यांनी हात काढला. पेन टेबलावर होतं, टोपण लावलेलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा आला तो त्यांनी मलाच प्यायला लावला आणि मग बोलल्या, "मले खूश कराले खोटं नको बोलू. पान्यात हात भिजवनं आपल्याकडे हाये, तेल लावनं आपल्याकडे हाये, गोळी खानं आपल्याकडे हाये. पुढचं त्याचं हाये. त्याचं काम त्याले करू दे ना व." बसमध्ये घरी येईपर्यंत माझे डोळे वाहत होते. त्या दिवसापासून मी हात बरा कर म्हणणं सोडलं. रोज तेल लावताना फक्त म्हणायचे, माय, तुझं तू बघ. मला झोप लागायला लागली, ही त्यातली खरी गोष्ट.

शेवटच्या पाकिटाच्या सुमारास पुन्हा शिंगाडे आले. सिस्टरबाईंनी मला रबरी हातमोजा दिला होता, तो घातल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही अशी ताकीद होती. पण मोज्यात पाणी भरलं, बोटं बुळबुळीत झाली, म्हणून मी तो काढून कमरेला खोचला. पानांखाली हात घातला. आणि करंगळीतून अशी कळ गेली की मी किंचाळले, "अगे माय व!"

जाऊ पलीकडून ओरडली, "का झालं व? साप चावला का?"

"काटा टोचला!"

"तं कायले बोंबलून राहिली?"

"काटा टोचला व बाई, मले काटा टोचला!" मी पाण्यातच रडत होते आणि हसत होते. हात पानांखाली होता. मला दिसत नव्हता. तिथं लबाडी करायला जागाच नव्हती.

आमच्या घरच्यांनी काही न विचारता मोटारसायकल काढली. ओल्या लुगड्यानंच मी आश्रमात गेले आणि व्हरांड्यात सिस्टरबाईंपुढे करंगळी धरली. टोकाला रक्ताचा थेंब होता, वाटेत पुसूही दिला नव्हता. त्यांनी तो बघितला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिल्या. मला एक शब्द कळला नाही, पण पाळीवर मी जे बोलते तेच असणार. मग डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "मोजा कुठं हाये?" माझ्या कमरेचा मोजा ओढून काढून पुढची दहा मिनिटं त्या मला रागे भरत राहिल्या. इतक्या आनंदानं मी कधी कोणाच्या शिव्या खाल्ल्या नव्हत्या.

त्या महिन्यात त्या केरळला गेल्या. शहापूरला जीप थांबवून त्यांनी शिंगाडे घेतले, मी झाऱ्यानं काढून दिले. करंगळी अजून थोडी वाकडी आहे, थंडीत बधिर होते, तिची तक्रार नाही. पाळीवर मी रोज जाते आणि हात जोडते ते दोघांना, आमच्या मायला आणि त्यांच्या येशूलाही. दोघांत कोणाचं काम किती, हे विचारायला मी कोण?

दर वर्षी शिंगाड्याच्या हंगामात सिस्टरबाईंचा फोन येतो. आता आवाज थकला आहे, ऐकूही कमी येतं. मी कशी आहे, पाऊस किती झाला, काही विचारत नाहीत. पहिलाच प्रश्न असतो, "यंदा टोचले का?"

आणि मी तलावाच्या पाळीवरून ओरडून सांगते, "टोचले, सिस्टरबाई. खूप टोचले."