आत्याचे खरेखुरे बोंबील

थळच्या किनाऱ्यावर आमच्या कोळीवाड्यापुढे एक मोकळी जागा होती. तिथे सगळ्या वाड्याची मासळी सुकायची. बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या, दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा हेच सुकं खायचं आणि विकायचंही. मग शेजारी रिसॉर्ट आलं. पाहुण्यांना समुद्र हवा होता, मासळीचा वास नको होता. जसं काही समुद्रात गुलाबजाम पोहतात! तक्रारी झाल्या, किनाऱ्याचं सुशोभीकरण झालं आणि आमच्या दोऱ्यांच्या जागी फरशी, बाकडी आणि सिमेंटचा एक डॉल्फिन आला. त्याला वास येत नाही, एवढीच त्याची लायकी.

वाडा असा झाडून काढल्यावर रिसॉर्टवाल्यांना कोळ्यांचं प्रेम फुटलं. हिरवळीवर अर्धी होडी रंगवली, बांबू रोवले, दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर प्लास्टिकचे बोंबील टांगले. तिथे लुगडं नेसून, दागिने घालून बसायला कोळीण हवी होती. त्यांनी माझ्या आत्याला विचारलं. ती चटकन हो म्हणाली. माझं डोकंच फिरलं, मी तिच्याशी बोलणं टाकलं. आत्याचा डोळा त्या दोऱ्यांवर होता, हे मला काय ठाऊक?

दुसऱ्याच दिवशी तिने प्लास्टिकचे बोंबील काढून कोपऱ्यात ढीग घातला आणि घरचे ओले बोंबील जोडीजोडीने टाकले. पाहुणे खूश. लेकरंबाळं घेऊन फोटो काढले, एक बाई तर किती ऑथेंटिक म्हणत गहिवरली. मग ऊन तापलं. माश्या आल्या, कावळे आले, रिसॉर्टच्या गुबगुबीत मांजराला पूर्वज आठवले. संध्याकाळी मॅनेजर नाकाला रुमाल लावून धावत आला, हे काय चालवलंय म्हणाला.

आत्या शांतपणे म्हणाली, "तुमीच म्हनला ना, खरा कोलीवारा दाखवाचा हाय?"

त्याने थेट माळ्याला हाक मारली. माळ्याने अर्धवट सुकलेले सगळे बोंबील खड्ड्यात लोटून वर माती ओढली. आत्या ते बघत उभी राहिली. मला त्या मॅनेजरचा असा संताप आला की आजही त्या फाटकावरून जाताना दात खाते.

त्या पावसाळ्यात आमच्या घरी सुक्याचा डबा पहिल्यांदा रिकामा होता. आत्याला त्याशिवाय घास उतरेना. शेवटी तिला घेऊन मी अलिबागच्या बाजारात गेले. कोळणीने सुकं विकत घ्यायचं म्हणजे शरमेने मेल्यासारखं. तिने पदर पार नाकापर्यंत ओढला होता. दुकानदार नवा होता. बोंबील बांधता बांधता त्याने सहज विचारलं, मुंबईहून आलात का?

जन्मभर याच बाजारात बसून सुकं विकलेली माझी आत्या म्हणाली, "व्हय. दोन दिस फिराला आलंव."