कडूबाईचा अख्खा रोडगा

…तर खंड्यानं रोडगा हुंगला आणि तोंड फिरवलं, इथवर आलो होतो काल. पण कालच्याला जे नव्हते त्यांना यात काय बिघडलं ते कळायचं न्हाय, म्हणून जरा मागनं घेतो.

नळदुर्गाकडच्या कडूबाईच्या घरी चंपाषष्ठीला तव्याला सुट्टी असते. बाजरीचे जाडजूड रोडगे थापायचे, गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, राख झटकायची आणि वांग्याच्या भरिताबरोबर खंडोबाला दाखवायचे. तिची सासू सांगायची, मेंढरांमागं रानोमाळ फिरणाऱ्याजवळ तवा कुठला? पीठ होतं, आर होता. त्यातनंच देवाचं पक्वान्न झालं. खरंखोटं तो मल्हारी जाणे! पण रीत पक्की. देवामागनं पहिला मान त्याच्या कुत्र्याचा, आणि त्याला रोडगा अख्खाच द्यायचा. मोडका म्हणजे उष्टा. त्यानं खाल्ल्याबिगर घरात कुणी घास उचलायचा न्हाय.

कडूबाई नवी नवरी असताना तिचा पहिला रोडगा आत कच्चा राहिला होता. कुत्र्यानं तो आनंदानं पळवला. सासू म्हणाली, "झालीस पास!" त्याला पंचावन्न वर्षं झाली. कुत्री बदलली, पास होणं चुकलं न्हाय.

आणि आज घरचा म्हातारा कुत्रा खंड्या तोंड फिरवून बसला.

"अगं, देव जेवला. आमी कवा जेवायचं?" तिचा नवरा बलभीम ओसरीवरनं ओरडला. "तुझा रोडगा टाळक्यात घातला तर टेंगूळ यील, ते मुकं जनावर काय करील?"

"गप बसा तुमी!"

तोंडानं असं म्हणाली, पण मनात आलं, माझ्या हाताचं देवाला नको झालं का? रोडगा पुन्हा पुढं सरकवला. खंड्यानं चाटला आणि ठेवला.

सून सोनाली उकिडवी बसली. तिनं खंड्याचा जबडा हळूच उघडून पाहिला. मग रोडगा उचलला.

"अगं, मोडू नगं! मोडू नगं!" कडूबाई ओरडली.

तोवर सोनालीनं तो वाटीत कुस्करलाही होता. वर दूध, गुळाचा खडा. खंड्यानं वाटी चाटून लख्ख केली.

सगळे जेवायला बसले. कडूबाईनं मात्र, गेली तीन वर्षं करते तसं, आपला तुकडा पदरात बांधला. "मी मागनं खाते."

सोनालीनं हातातला घास खाली ठेवला. दरवर्षीचंच ते, पण आज रीत मोडली म्हणून सासू उपाशी बसली, असंच तिला वाटलं. जवळ जाऊन ती म्हणाली, "आत्याबाई, लई चुकलं का माझं?"

कडूबाईनं खंड्याच्या रिकाम्या वाटीकडं पाहिलं, पदराची गाठ सोडली आणि म्हणाली,

"चुकलंच की. कुस्करायचं हुतं तर दोन वाट्या कुस्करायच्या. मला तरी कुठं दाढा ऱ्हायल्यात?"