नाचणाऱ्या घोडीचा पाय

वेल्ह्याजवळच्या आमच्या शेतावर घोडी आणली, तेव्हा ती बरीच वर्षं वरातीत नाचून आली होती. सारोळ्याच्या बाजूला हायवेवर मंगल कार्यालयं आहेत, तिथेच तिची उमेदीची वर्षं गेली. मला घोड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, हौस मात्र दांडगी. पुढच्या पायाला हात लावला की ती जागच्या जागी थयथय नाचायची. पाहुणे आले की मी मुद्दाम हात लावून दाखवायची आणि सगळे मोबाईल काढायचे. घोडी खूश आहे, असं मी कौतुकानं सांगायची.

दिवाळीच्या सुमारास तिच्या उजव्या खुराला तडा गेला. वाढलेला खूर तासला नसता, तर तडा वर चढून ती कायमची लंगडी झाली असती. भोरहून एक म्हातारे नालबंद एसटीनं आले. मी त्यांना चाचा म्हणायची. बांधावर उभं राहूनच त्यांनी तिला माझ्या हाताखाली नाचताना पाहिलं.

"ताई, ती नाचत न्हाई, भ्यालीय," ते म्हणाले. "शिकवताना पाय हलला न्हाई की पायाच्या नळीवर काठी बसती. आता हात लागला तरी तिला काठीच वाटती."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. म्हटलं, "मग दोरीनं बांधा आणि तासून टाका एकदाचं."

"आज तासंन. फुडच्या टायमाला काय कराल?"

मग त्यांनी रीत सांगितली. पायावर हात ठेवायचा, ती नाचली तर नाचू द्यायचं, ओरडायचं नाही. पाय टेकून थांबली की त्याच क्षणी हात काढायचा. मी रोज सकाळी तेच करत बसले. चाचा आठवड्यातून एकदा यायचे आणि बांधावर बसून सूचना द्यायचे. एकदा ती थांबली तरी मी हावरटपणे हात तसाच ठेवला. तिनं माझ्या पायावरच पाय दिला.

"चूक तुमची हाय," बांधावरून आवाज आला.

"मग तुम्ही या ना आत. तिथं बसून काय सांगता?" मी वैतागून म्हटलं. ते आले नाहीत. तोवर तडा बोटभर वर चढला होता.

पाचव्या आठवड्यात तिनं आपण होऊन पाय उचलून माझ्या हातात दिला. मी तिथंच रडले. चाचांना हाक मारली, कारण खुरावर कानस चालवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ते सावकाश आत आले. ती फुरफुरली, पाय ओढून घेतला आणि थरथरायला लागली.

"वळखलं तिनं," ते म्हणाले. "हिला नाचायला म्याच शिकवलं, ताई. काठी माझ्याच हातात असायची."

माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. पण इतके महिने लोकांपुढं तिला नाचवणारी मीच होते, म्हणून बाजूला सरून त्यांना जागा दिली.

त्यांनी तिच्या पायावर हात ठेवला. ती नाचली. थांबताच त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला. ती पुन्हा नाचली. बराच वेळ हेच चाललं. शेवटी तिनं पाय उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. कानस पिशवीतच राहिली, ते दोन्ही हातांनी तो पाय नुसता धरून बसले.

"चाचा," मी म्हटलं, "तासा आता."