किल्ल्यासमोरचे तीन दिवस
मालिशच्या तेलाचा वास आला की धुळ्याच्या घरातली ती दुपार आठवते. आयुष्यभर बस चालवलेल्या वडिलांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला होता आणि आई त्याला रोज तेल चोळायची. मी त्यांना लॅपटॉपवर राजे, राक्षस आणि किल्ल्यांचा एक गेम लावून दिला होता. त्यात आपली चाल होईपर्यंत शत्रू जागचा हलत नसे. डाव्या हातानं माऊस सरकवायला वडिलांना फार वेळ लागे. राक्षस तोवर उभे राहत. "हाऊ चांगला शे, घाई करत नही," ते गेमबद्दल म्हणायचे. एका किल्ल्यासमोर ते तीन दिवस विचार करत बसले होते. मला चाळीसगावहून गाडी पकडायची होती. जाण्याआधी त्यांना खूश करावं म्हणून मी माऊस घेतला आणि दहा मिनिटांत किल्ला जिंकला. स्क्रीनवर झेंडे फडकले. "जिकना तू," ते हळूच म्हणाले, "पन चाल मनी व्हती." चाल खरंच त्यांची होती. मी नवा डाव लावून दिला, पण त्यांनी माऊसला पुन्हा कधी हात लावला नाही. त्याच थंडीत ते गेले. गाडी मला मिळाली होती. कोणत्या कामासाठी एवढी धावपळ केली, ते मात्र आज काही केल्या आठवत नाही.